डिश की केबल? आधी बिघाड कुठे होतो ते बघा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

डिश घ्यायची की केबल हा विषय निघाला की सगळे कोणाचं चित्र जास्त क्लिअर यावरच भांडत बसतात. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही, कारण केबलवाल्याकडचे बरेचसे चॅनेल पण उपग्रहावरूनच उतरतात, फक्त ती छत्री त्याच्या कंट्रोल रूमवर असते आणि चांगली मोठी असते, तिथून पुढे वायर. डिश घेतली की छत्री आपल्या गच्चीवर आली आणि तिची दुखणी पण आपल्याच गळ्यात.

मी दोन्ही वापरलंय. उपग्रह विषुववृत्तावर जवळपास 35,786 किलोमीटर उंच, तिथून सिग्नल येईपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो, त्यात घरगुती डिश छोटी आणि केयू बँडवाली, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर चालणारी, त्या सिग्नलला पाऊस लगेच खातो, म्हणून जोराची सर आली की आधी चौकोन चौकोन आणि मग स्क्रीन काळी. पण सर गेली की आपोआप चालू, कोणाला फोन करावा लागत नाही. केबल पावसात टिकते म्हणतात. टिकते हो, पण जॉइंटमध्ये पाणी शिरेपर्यंतच! आणि रस्त्यावरच्या अॅम्प्लिफायरची (सिग्नल वाढवणाऱ्या डब्याची) लाईट गेली की आपल्या घरात लाईट असून टीव्ही बंद. माझ्याकडे एकदा चार दिवस हेच चाललं होतं, नाव नाही घेत, रोज "माणूस पाठवतो" आणि माणूस काही उगवत नाही.

डिशला समोर मोकळं आकाश लागतं. झाडाची फांदी वाढली किंवा वाऱ्याने डिश एखाद-दोन अंश जरी फिरली तरी सिग्नल गुल. ज्यांच्या घराला उपग्रहाच्या बाजूला ना गच्ची ना खिडकी त्यांनी डिशच्या नादी लागूच नये. आडबाजूला घर असेल, जिथे वायर पोचतच नाही, तिथे मात्र डिशच. इंटरनेट पण हवं असेल तर केबल बरी, त्याच वायरीतून काम होतं.

(मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि चित्र काही मिनिटं जातं, दोन्हीकडे. तेव्हा उगाच केबलवाल्याला शिव्या घालू नका.)

तुमच्या पेपरात अशी तुलना येईल तेव्हा कोणाचे चॅनेल किती हे मोजण्यापेक्षा तक्रार केल्यावर किती तासांत माणूस येतो ते छापा ना.

आपला,
रोज टीव्ही बघणारा एक वाचक