चिंगीने डोळे उघडले

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

काल सकाळी चिंगीने दोन्ही डोळे पूर्ण उघडले. ओवी दप्तर भरता भरता टाकीपाशी गेली आणि ओरडली, "आई, ती माझ्याकडे बघतेय!" तव्यावरची पोळी तशीच टाकून मी धावले. तुम्हाला फोन लावला खरा, पण नीट बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण कुणाच्या तरी घरात आत्ता एक कासव डोळे मिटून बसलं असेल.

सहा वर्षांपूर्वी चिंगीला आणलं तेव्हा ती दहाच्या नाण्यापेक्षा थोडीच मोठी होती. कानापाशी लाल पट्टा असलेलं, पाण्यातलं कासव. दुकानदाराने सुकवलेल्या कोळंबीचा डबा हातात देऊन सांगितलं, दुसरं काही लागत नाही. आम्ही सहा वर्षं तेच घातलं, विश्वासाने. या थंडीत तिच्या पापण्या फुगल्या. जो तो म्हणाला, गारठ्याने झोपलंय. मग मी मेडिकलमधून माणसांचे थेंब आणले आणि आठ दिवस घातले. तोवर तिने खाणंही सोडलं होतं. तिला भूक नाही असं आम्हाला वाटत होतं, आणि तिला समोरचं अन्न दिसतच नव्हतं.

साताऱ्याहून पुण्याला तुमच्याकडे आलो ते बादलीत ओला टॉवेल घालून. डोळ्यांकडे बघण्याआधी तुम्ही विचारलंत, "खाते काय?" मग थेंबांची बाटली मागून घेतलीत आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचलीत. त्यात स्टेरॉइड होतं. तुम्ही केशरी पट्टीचा रंग डोळ्यात सोडलात, निळा दिवा धरलात, आणि डाव्या डोळ्यावर एक हिरवी रेघ चमकली. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम असताना स्टेरॉइड गेलं तर ती भरत नाही, उलट चिघळते, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. माझे हात कापत होते. तुम्ही म्हणालात, "बरं झालं आज आलात." मॅडम, तुम्ही रागावला असतात तरी मला ते मान्य होतं. पण त्या एका वाक्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानात शिरलं.

कोमट सलाइनने पापणी भिजवून तुम्ही आतून पनीरसारखा घट्ट गोळा काढलात. कासवाचा पू पातळ नसतो, त्यामुळे तो आपोआप वाहून जात नाही, हे मला तेव्हा कळलं. जीवनसत्त्व अ कमी पडलं की पापणीच्या आतलं अस्तर आणि अश्रूंच्या नळ्या जाड होतात, आत घाण साठते. म्हणजे दुखणं डोळ्यात दिसत होतं, पण त्याचं मूळ त्या कोळंबीच्या डब्यात होतं. मी लगेच म्हटलं, मग मोठं इंजेक्शन द्या. तुम्ही नाही म्हणालात. हे जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि जास्त झालं तर कातडी सोलून निघते, म्हणून आधी वजन केलंत, 640 ग्रॅम, आणि तेवढ्यापुरताच डोस दिलात.

बाकावर आमच्या शेजारी सुलकाटा जातीचं, जमिनीवरचं कासव घेऊन एक मुलगा बसला होता. त्याच्याही कासवाचे डोळे मिटलेले, त्यामुळे मला वाटलं, दोघांना एकच औषध मिळणार. पण तुम्ही त्याला दिव्याचं अंतर विचारलंत. पाला खाणाऱ्या जमिनीवरच्या कासवांत ही कमतरता सहसा नसते. त्याचा अतिनील दिवा अगदी डोक्याशी टांगलेला होता, त्या किरणांनीच डोळे दुखावले होते.

आमची टाकी खिडकीपाशी होती आणि तेवढं ऊन पुरतं असं आम्ही धरून चाललो होतो. काच हाडांना आणि कवचाला लागणारे किरण अडवते, हे तुम्ही सांगितल्यावर आम्ही दिवा लावला. बसायला दगड ठेवला, तिथे 30 ते 32 अंश ऊब असते. अंग गार असेल तर तिला अन्न पचत नाही आणि औषधही नीट लागत नाही, म्हणून रात्री उठूनसुद्धा मी थर्मामीटर बघत होते. रोज नऊ वाजता मी फोटो पाठवायचे आणि तुमचं उत्तर यायचं. एकदाही चुकलं नाही.

एका नातेवाइकाने सुचवलं होतं, कृष्णेत सोडून द्या. ही परदेशी जात आहे, आपल्या नदीतल्या कासवांची जागा आणि अन्न ती बळकावेल, हे तुमचं म्हणणं मी त्यांना तसंच ऐकवलं. चिंगी आमच्याकडेच राहील.

आता तिच्या टाकीत कोळंबी नाही. कासवांच्या गोळ्या, लाल भोपळ्याचा कीस, गाजर, शेवग्याचा पाला. पाला तिने तीन दिवस नाकारला. काल डोळे उघडल्यावर तिने पहिला घास त्याचाच घेतला.

याच कमतरतेमुळे कानातही गाठ होऊ शकते, असं तुम्ही म्हणाला होतात. रोज डोक्याच्या दोन्ही बाजू बघते. सूज नाही. पुढच्या महिन्यात तपासणीला घेऊन येते, तेव्हा ओवीलाही यायचंय. तिने तुमच्यासाठी चिंगीचं चित्र काढलंय, डोळे जरा जास्तच मोठे आहेत.

तुमची कृतज्ञ,
ओवीची आई, सातारा