थारच्या रोल केजबद्दल

सोलापूर

प्रिय सच्या,

तू पाठवलेलं रोल केजचं, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपच्या सांगाड्याचं, डिझाइन बघितलं. दिसतंय जबरदस्त, पण भावा तुझ्या जुन्या थारला ते लावू नको. फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस म्हणून लिहितोय.

तसलं सहा पॉइंटचं, म्हणजे सहा ठिकाणी गाडीला जोडलेलं केज रेसच्या गाडीसाठी असतं. तिथं माणूस हेल्मेट घालून, बकेट सीटवर हार्नेसनं आवळून बसतो. तू रोज गाडी चालवणार, कधी ऑफिसला कधी बाजारात, उघडं डोकं आणि साधा बेल्ट. ए पिलरला, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाला, चिकटून लोखंडी पाइप आला की गाडी उलटायचीही गरज नाही, सिग्नलला कुणी बाजूनं ठोकलं तरी डोकं त्याच्यावरच आपटणार. आणि त्याच्यावर एसीच्या पाइपचा मऊ फोम गुंडाळून काही होत नाही, रोल केजसाठीचं कडक पॅडिंगच लागतं, एसएफआय 45.1 या मानकाचं, आणि ते लावलं तरी हेल्मेटची बरोबरी होत नाहीच.

म्हणून माझं मत, पुढचे पाइप नकोतच. पुढच्या सीटच्या मागं एकच हूप, म्हणजे पाइपची आडवी कमान, त्यात एक तिरका पाइप, आणि मागं जाणारे दोन सरळ आधाराचे पाइप, म्हणजे बॅकस्टे, बास. हा तिरका पाइप फॅब्रिकेटर हमखास गाळतात कारण आत सामान ठेवायला अडतो, पण तो नसला तर गाडी कुशीवर पडल्यावर चौकोनी हूप एका बाजूला कलतो.

पाइप रेलिंगचा नको, जस्ताचा मुलामा दिलेला जीआयचा तर नकोच. एफआयए या जागतिक मोटर रेसिंग संघटनेच्या नियमात मेन हूपला कमीत कमी 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2 मिमीचा (बाहेरचा व्यास बाय जाडी) कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढलेला बिनजोडाचा पाइप लागतो, तोच घेऊ. 45 चा मीटरला साधारण 2.6 किलो भरतो, म्हणजे तुझ्या त्या मोठ्या डिझाइनमध्ये वीस मीटर धरला तरी पन्नास किलोच्या वर वजन गाडीच्या वरच्या अंगाला चढणार, आणि गाडी उलटायला तेवढं निमित्त पुरतं. बेंड मशिनवरच, वाळू भरून वाकवलेला आणि आत चेपलेला पाइप मी घेऊ देणार नाही. पाय नुसत्या पत्र्याला वेल्ड करायचे नाहीत, खाली जाड प्लेट आणि बोल्ट, आणि जमेल तिथं चेसिसपर्यंत आधार. पण थारची बॉडी चेसिसवर रबरी बुशांवर बसलेली असते, दोन्ही थोडं वेगवेगळं हलतात, त्यामुळं चेसिसला जोडताना मध्ये बुश पाहिजेच, नाहीतर वेल्डच तडकतील.

आता पोरांचं. मागच्या आडव्या बाकांवर बसली की बॅकस्टे बरोबर त्यांच्या डोक्याशेजारून जाणार. केज बसवलं की पोरांना मागं बसवणं बंद, हे वहिनींना आधीच सांग, आणि ते जमणार नसेल तर केजचा विषयच सोड.

कागदाचंही बघ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय बदल केला तर प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आधी आरटीओत लेखी विचार, इन्शुरन्सवाल्यालाही कळव.

फॅब्रिकेटर अक्कलकोट रोड एमआयडीसीत बघितलाय, हात चांगला आहे. यायच्या आधी एक कर, तू आणि वहिनी बेल्ट लावून बसा, सीट नेहमीच्या जागी ठेवून एकदा आणि पूर्ण मागं सरकवून एकदा, आणि डोक्याच्या मागं, वर, बाजूला किती जागा राहते ते टेपनं मोजून पाठव. हूप कुठं घ्यायचा ते त्यावरच ठरवू.

तुझा,
बाळ्या