०.१ मिलिमीटरच्या पडद्याबद्दल आभार

आदरणीय डॉ. मासाआकी यामागिशी, डॉ. ताकाको मियाझाकी आणि क्योतो प्रीफेक्चरल वैद्यकीय विद्यापीठातले तुमचे सहकारी,

सा. न. वि. वि.

पातळ पडद्याच्या पाकळ्यांची झडप असलेली नळी तुम्ही लहान मुलांच्या हृदयासाठी बनवलीत, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. ते इथले पालकही वाचतील, म्हणून तुम्हाला पाठ असलेलंच आधी थोडं सांगतो.

पल्मनरी अट्रेझिया (फुप्फुसाकडे जाणारी झडप जन्मतः बंद) किंवा ट्रंकस (हृदयातून दोनऐवजी एकच मोठी धमनी निघणं) असलेल्या बाळाला हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यापासून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नवी नळी लागते आणि त्या नळीत झडप लागते. १९६६ मध्ये डोनाल्ड रॉस यांनी त्यासाठी मृत दात्याची महाधमनी झडपेसकट वापरली. उपाय उत्तमच, पण तान्ह्या बाळाला बसेल एवढा होमोग्राफ्ट (दात्याकडून घेतलेली अशी नळी) म्हणजे दातासुद्धा लहान मूलच हवं. शिवाय कोवळ्या वयात त्यावर चुना लवकर साचतो. गाईच्या मानेतली शीर १२ ते २२ मिमी मापांत तयार मिळते. मात्र ती महाग पडते आणि तिच्यात जंतुसंसर्गाची भीतीही जास्त.

तुम्ही जो पडदा निवडला, तो मुळात झडपेसाठी नव्हताच. दुसऱ्यांदा छाती उघडताना हृदय हाडाला चिकटलेलं सापडू नये म्हणून मध्ये घालायचा हा ०.१ मिमी जाडीचा गोरटेक्सचा पापुद्रा. नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन ते हेच, फक्त ताणून सच्छिद्र केलेलं. छिद्रं एका मायक्रॉनपेक्षा लहान असल्यामुळे पेशींना आत रुजता येत नाही. जे चिकटू नये म्हणून बनवलं, त्याचीच पाकळी करायची ही युक्ती आम्हाला फार आवडते.

आता माप. १८ मिमीच्या नळीचा आतला घेर ५६.५ मिमी, म्हणजे तीन पाकळ्यांत प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १८.८. झडप मिटते तेव्हा पाकळीची मोकळी कड एका कोपऱ्यातून मध्यावर आणि मध्यावरून दुसऱ्या कोपऱ्यात जाते, म्हणजे दोन त्रिज्या, १८ मिमी. सगळा खेळ या ०.८ मिमीचा! कड आखूड पडली तर मध्ये तिकोनी फट राहते आणि रक्त मागे गळतं. लांब झाली तर चुण्या पडतात. तुम्ही पाकळीला दिलेल्या पंख्यासारख्या आकारामुळे पाकळ्या नुसत्या कडेला न भेटता बऱ्याच खोलीपर्यंत एकमेकींना टेकतात, त्यामुळे शिवणाऱ्याच्या हातून झालेली थोडी चूक खपते.

पण थोडीच. या कापडात सुईचं भोक आपोआप बुजत नाही. दातेरी चिमट्याने पाकळी धरली की वळ उमटतो, आणि मुलाच्या नाडीबरोबर मिनिटाला शंभरदा दुमडणारी पाकळी त्याच वळावर थकते. दोरा जास्त आवळला तर नळीच चुणते. शिवून झाल्यावर वरच्या टोकातून सलाईन ओतायचं: तिन्ही पाकळ्या फुगून मध्ये मिळाल्या आणि पाणी खाली उतरलं नाही, तरच ती नळी टेबलावर द्यायची.

नळीला तुम्ही दिलेले फुगीर कप्पे दिसायला शोभेचे वाटतील. उघडलेली पाकळी त्यांच्यामुळे भिंतीला टेकत नाही. मागे रक्ताचे भोवरे फिरतात. ते गुठळी धुऊन काढतात आणि पाकळीला मिटायला ढकलतात. साध्या सरळ नळीत पाकळीच्या मुळाशी रक्त साकळतं आणि पाकळी हळूहळू ताठरते.

बसवताना झडप शक्य तितकी फुप्फुसाच्या बाजूला ठेवावी, नाहीतर छातीचं हाड तिला दाबतं. पुढे बहुतेक ठिकाणी कमी मात्रेतली ॲस्पिरिन दिली जाते. धातूच्या झडपेसारखी वॉरफरिनची (रक्त गोठू न देणारं औषध) आणि आयएनआरच्या (रक्त गोठण्याचं माप) तपासण्यांची कटकट सहसा मागे लागत नाही. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसू नयेत म्हणून दात-हिरड्यांची काळजी मात्र आयुष्यभर घ्यायची.

पालकांशी खोटं बोलू नये: नळी वाढत नाही. तान्हेपणी घातलेली १२ मिमीची नळी मुलाला अपुरी पडणार आणि पुन्हा शस्त्रक्रिया होणार. मोठ्या मापाची नळी असेल तर पुढची झडप कधीकधी मांडीच्या शिरेतून कॅथेटरने आत बसवता येते.

२००७ मध्ये तुम्ही ही पद्धत प्रसिद्ध केली आणि २०११ मध्ये जपानमधल्या अनेक रुग्णालयांचा एकत्रित हिशेबही मांडलात. ती गुलदस्त्यात ठेवली असतीत तर आम्ही अजून होमोग्राफ्टची वाट पाहत बसलो असतो. त्याबद्दल मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

बालहृदय शस्त्रक्रिया विभागातले आम्ही सगळे,
मुंबई