‘शक्यता नाकारता येत नाही’

पुणे,
८ ऑगस्ट

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला इतका उशीर लावण्याची माझी रीत नाही, पण तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देणे मला योग्य वाटले नाही आणि कागदावर ते नीट उतरायला वेळ लागला. ‘निवृत्तीनंतर तू विद्यापीठात गुप्तवार्तेचा विषय शिकवतोस असे कळले. ज्या अहवालामुळे नाना चौदा महिने तुरुंगात राहिले, तसे अहवाल लिहायला तू मुलांना शिकवतोस का?’ असे तू लिहिलेस. मी पोलीस खात्यात गेलो, नोकरीची निम्म्याहून अधिक वर्षे गुप्तवार्तेच्या कामात काढली, तरी इतक्या वर्षांत हा प्रश्न तू मला कधी विचारला नव्हतास. आज विचारलास याचा मला राग नाही, उलट बरे वाटले.

तुझ्या वडिलांना, नानांना, नेले तेव्हा आपण सातवीत होतो. त्यांची सायकल तुमच्या ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलेली असे आणि तुझी आई दर रविवारी ती पुसून तिच्या चाकांत हवा भरून घेत असे, हे मला जसेच्या तसे आठवते. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करण्याच्या कायद्याखाली, धरलेल्या माणसाला कारण सांगण्याचे बंधनही आणीबाणीत सरकारने काढून टाकले होते, त्यामुळे नानांविषयी कोणी काय लिहिले होते हे तुमच्या घरात कोणालाच कळले नाही. पुढे मी स्वतः अहवाल लिहू लागलो तेव्हा मात्र त्या कागदावर साधारण काय असेल याचा अंदाज मला येऊ लागला. बहुधा त्यात एकही ठोस गोष्ट नसेल. ‘सदर इसमाकडून सार्वजनिक शांततेस बाधा येण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असे एखादे वाक्य असेल आणि त्याखाली सही. माझ्या शिकवण्याचा बराचसा भाग याच वाक्याभोवती फिरतो, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला हा ऐच्छिक विषय आहे आणि शुक्रवारी व शनिवारी दुपारी माझे तास असतात. यंदा चौदा विद्यार्थी आहेत. निम्मे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, दोघी पत्रकारितेतून आलेल्या, आणि एक सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. पहिल्या दिवशी मुलांच्या मनात वेषांतर, फोन टॅपिंग आणि परदेशातल्या मोहिमा असतात, आणि बहिर्जी नाईकांचे नाव तर कोणीतरी घेतेच. ते घ्यावेच. मी त्यांना एवढेच सांगतो की सुरतेची खबर बहिर्जींनी आणली असे बखरकार सभासद म्हणतो, आणि त्या खबरीचे मोल ती कोणत्या सोंगात आणली यावर ठरले नाही. १६६४ च्या जानेवारीत महाराजांना तिच्यावर विसंबून एवढा लांबचा पल्ला मारता आला, यावर ते ठरले. खबर आणणारा पुष्कळदा सापडतो. ती किती पक्की आहे हे निर्णय घेणाऱ्याला नेमके सांगणारा सापडणे कठीण, आणि तो तयार करणे हेच विद्यापीठाला जमण्यासारखे काम आहे. बाकीचे शिकवायला खात्यांच्या प्रबोधिनी आहेत.

मागच्या महिन्यात मी फळ्यावर चार शब्दप्रयोग लिहिले : ‘शक्यता आहे’, ‘दाट शक्यता आहे’, ‘चिन्हे दिसत आहेत’ आणि ‘शक्यता नाकारता येत नाही’. प्रत्येकापुढे शंभरपैकी एक आकडा लिहून चिठ्ठी द्यावी असे सांगितले. शेवटच्या शब्दप्रयोगापुढे ५ पासून ७० पर्यंत आकडे आले. सत्तर लिहिणारे आमचे सुभेदार होते. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘सर, वरून असे लिहून आले की आम्ही रात्रभर बूट काढत नव्हतो.’ पाच लिहिणारी मुलगी पत्रकारितेतली होती. तिचे म्हणणे असे की ज्याला काहीच ठाऊक नसते तोच असे लिहितो. वाक्य तेच, पण एकाने त्यापायी रात्री जागून काढल्या आणि दुसरी ते वाचून पान उलटणार.

हा अनुभव जुनाच आहे. शर्मन केंट हा येल विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापक अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत गेला आणि १९५१ साली युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ला होईल का याविषयीचा एक अंदाज त्याच्या मंडळाने तयार केला. हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे त्यात लिहिले होते. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने सहज विचारले की म्हणजे किती, तेव्हा केंटने आपल्या मनातला आकडा सांगितला, शंभरात पासष्ट. तो ऐकून समोरचा चकित झाला, कारण त्याने ते फारच कमी धरले होते. मग केंटने आपल्याच सहकाऱ्यांना विचारले. ज्यांनी एकत्र बसून, शब्दाशब्दावर चर्चा करून तो मजकूर संमत केला होता, त्यांच्या मनातले आकडे २० पासून ८० पर्यंत पसरलेले निघाले. इतक्या विद्वान माणसांचे एकमत केवळ शब्दापुरते होते, हे वाचून मी पहिल्यांदा पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसलो होतो, कारण मला माझे एक जुने टिपण आठवले.

ते तुला आजवर सांगितलेले नाही. एका जिल्ह्यात असताना मोर्च्याच्या आदल्या संध्याकाळी मी वर टिपण पाठवले. तीन तरुणांची नावे देऊन, त्यांच्याकडून गडबड होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे लिहिले. रात्री कलम १५१ खाली, म्हणजे प्रतिबंधक अटकेच्या कलमाखाली, तिघांना उचलले. मोर्चा शांततेत पार पडला, आणि माझ्या वाक्याचे वैशिष्ट्य असे की त्यामुळे ते खोटे ठरले नाही. गडबड झाली असती तरी ते खरे, न झाली तरी खरे. त्या तिघांतल्या एकाचा दुसऱ्या दिवशी बारावीचा पेपर होता आणि तो बुडाला. पुढे महिन्याभराने मला कळले की ज्या एका खबऱ्याच्या सांगण्यावर मी विसंबलो होतो, त्याचे त्या मुलाच्या वडिलांशी बांधावरून वैर होते. मी दुसऱ्या कोणाकडून खातरजमा केली नव्हती आणि केली नाही हे टिपणात लिहिलेही नव्हते. ‘एकाच व्यक्तीकडून कळते, पडताळणी झालेली नाही’ एवढे सहा शब्द लिहिले असते, तर कदाचित वरच्या अधिकाऱ्याने थांबून विचार केला असता. ते मी वर्गात दरवर्षी सांगतो. सांगताना जड जाते, पण न सांगता शिकवणे मला अप्रामाणिक वाटते.

कौटिल्याने हे किती स्वच्छ सांगून ठेवले आहे! तीन हेरांचे म्हणणे एक निघाले तर ते खरे मानावे, आणि त्या हेरांना एकमेकांची ओळख असू नये. मुलांना पहिला भाग लगेच पटतो. दुसऱ्या भागाचे महत्त्व कळायला वेळ लागतो. मी त्यांना एकाच बातमीची सहा कात्रणे आणायला सांगतो आणि मूळ शोधायला लावतो. पुष्कळदा सहाही बातम्या एकाच प्रसिद्धिपत्रकावरून उतरलेल्या निघतात, म्हणजे साक्षीदार एकच. तू आयुष्यभर बखरी आणि अस्सल पत्रे यांतला फरक शिकवलास, तुला यात नवे काही वाटणार नाही.

आता ज्या जागेत मी शिकवतो तिच्याविषयी, कारण तू इतिहासाचा माणूस आहेस. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गणेशखिंडीतले जुने गव्हर्नमेंट हाउस, १८६४ ते १८७१ या काळात बांधलेले. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ इथेच झाला, आणि इथूनच प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्या बग्ग्या निघाल्या. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक त्याच रस्त्यावर उठली आणि चापेकर बंधूंनी दोघांवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. मी मुलांना एका शनिवारी त्या इमारतीसमोरच्या वडाखाली उभे केले आणि विचारले, की २१ जूनला तुम्ही इथल्या गव्हर्नरचे गुप्तवार्ता अधिकारी आहात, तुमच्याजवळ काय आहे?

होते ते पुष्कळ होते. देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे सरकारकडे दर आठवड्याला जात. प्लेगच्या झडत्यांवरून शहर किती चिडले आहे हे त्यांत उघड दिसत होते. केसरीवर लक्ष होतेच. मुंबईत १८९६ च्या ऑक्टोबरात राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले याचा मात्र पत्ता लागलेला नव्हता आणि ते प्रकरण तसेच राहिले होते. ते चापेकरांचेच काम होते. म्हणजे जे छापले जात होते ते सगळे सरकारला दिसत होते, आणि जे छापत नव्हते, वाड्यांत आणि आखाड्यांत वावरत होते, त्या तरुणांचे नावही त्याच्या कागदांत ठळक नव्हते. म्हणून खून झाल्यावर संशय गेला तो दिसणाऱ्या माणसांवर. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन दीड वर्षाची शिक्षा झाली, नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली चौकशीविना अडकवले, शहरावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च पुणेकरांवर लादला. दामोदर चापेकरांपर्यंत सरकार पोचले ते वीस हजार रुपयांचे बक्षीस आणि द्रविड बंधूंकडून मिळालेली माहिती यांच्या वाटेने. पुढे १८९९ च्या फेब्रुवारीत द्रविड बंधूंनाही मारले गेले.

हे प्रकरण मी दोन पूर्ण तास घेतो. बीडकडचा एक मुलगा पहिल्या तासानंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘सर, चापेकर आमचे, आणि तुम्ही आम्हाला इंग्रजांच्या खुर्चीत बसवता.’ त्याचे म्हणणे रास्त होते. मी त्याला म्हटले, त्या खुर्चीत बसून पाहिल्याशिवाय, लोकांना भिणारे सरकार माहिती कशी वाचते, हे तुला समजायचे नाही. पुढच्या आठवड्यात त्याने नातू बंधूंच्या अटकेवर चार पाने लिहून आणली आणि शेवटी लिहिले, ‘त्यांच्याविरुद्ध सरकारजवळ काय होते हे त्यांना विचारण्याची सोय नव्हती, म्हणून सरकारलाही स्वतःला ते विचारावे लागले नाही.’ विनायक, ते वाक्य वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नानांची सायकल होती.

तू विचारशील की आपल्याकडची अलीकडची उदाहरणे का घेत नाहीस. घेतो, पण कागद कुठे आहेत? कारगिलविषयी के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल छापलेला आहे, मजकूर जागोजागी गाळलेला असला तरी, आणि त्यावर मुले उत्तम चर्चा करतात. १९९९ च्या मे महिन्यात हरवलेला याक शोधत निघालेल्या ताशी नामग्याल या मेंढपाळाला घुसखोर पहिल्यांदा दिसले, ही गोष्ट त्यांना दहा व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवते. पण अशी साधने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने केंद्राच्या गुप्तचर संस्था, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडले तर, कायद्याबाहेर ठेवल्या आहेत, आणि ब्रिटनमध्ये जुन्या फायली जशा टप्प्याटप्प्याने अभिलेखागारात येतात तशी रीत आपल्याकडे नाही. चालू कामाची गुप्तता मी आयुष्यभर पाळली आणि आजही पाळतो. वर्गात नोकरीतली एकही फाईल मी बोलून दाखवत नाही. परंतु पन्नास वर्षांपूर्वीचे कागदही बंद राहिले, तर आपण आपल्या चुका कशा शिकणार? मग वर्गात केंट येतो, अमेरिका येते, आणि आमची पोरे परक्यांच्या चुकांवर पदवी घेतात. याचे मला मनापासून वाईट वाटते.

तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे : होय, मी त्यांना अहवाल लिहायला शिकवतो. अर्ध्या पानाचा. काय ठाऊक आहे, कोणाकडून, ते पडताळले का, काय ठाऊक नाही, आणि मग आपले मत, आकड्यासह. ‘शक्यता नाकारता येत नाही’ असे लिहिलेला कागद मी न तपासता परत करतो. सुरुवातीला मुले कुरकुर करतात, कारण आकडा लिहिला की चुकण्याची जबाबदारी आपल्यावर येते. नेमकी तीच जबाबदारी माझ्या त्या टिपणाने टाळली, म्हणून ती त्या बारावीच्या मुलावर गेली.

एक विनंती आहे. आणीबाणीतल्या स्थानबद्धतेवर मला यंदा एक तास घ्यायचा आहे, आणि त्यासाठी नानांची हकिगत, नाव आणि गाव न सांगता, मुलांपुढे ठेवावी असे वाटते. त्यांनी तुरुंगातून पाठवलेली पत्रे तुझ्याकडे आहेत हे मला माहीत आहे. त्यांतले एखादे तू स्वतः येऊन वाचून दाखवलेस तर मी मागच्या बाकावर बसून ऐकेन. तुला किंवा ताईला हे नको असेल तर तसे निःसंकोच कळव, मी हा विषय पुन्हा काढणार नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो तास मी मोकळा ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव