दिवाळीचा रंग लावण्याआधी भिंतीतली ओल काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशविसर्जन आटोपले की नागपुरात रंगाऱ्यांचे दिवस सुरू होतात. दसऱ्या-दिवाळीपूर्वी घर उजळावे ही इच्छा रास्तच आहे. मात्र सारा पावसाळा ओल धरून राहिलेली भिंत या दिवसांत वरून कोरडी दिसली, तरी ९ इंची विटकामाला आतपर्यंत सुकायला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात, हे विसरून तिच्यावर पुट्टी आणि ऑइल पेंटचे थर चढवले जातात. थराखाली कोंडलेले पाणी विटा-सिमेंटमधले क्षार बरोबर घेऊन बाहेर येते आणि काही महिन्यांतच त्याच जागी पोपडे धरतात, लोणा लागतो, काळे ठिपके उमटतात. स्थापत्य अभियंता म्हणून घरांची पाहणी करताना मला एकाच भिंतीवर दर दिवाळीला नवा रंग दिलेला आढळतो. पाणी कुठून येते याचा शोध मात्र एकदाही घेतलेला नसतो.

बुरशीला वाढायला ओल आणि थोडे खाद्य पुरते. हे खाद्य तिला प्लायवूड, पुठ्ठा, कापड, रंग, इतकेच काय भिंतीवरच्या धुळीतूनही मिळते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण सुकली तर बुरशी सहसा धरत नाही. घरातील हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर ती पसरतही नाही.

नागपूरकरांनी याबाबत सर्वप्रथम आपल्या कूलरकडे पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कूलरला पर्याय नाही. पण जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाल्यावरही तो पाणी भरून चालवला जातो, तेव्हा आधीच दमट असलेल्या हवेत आपणच आणखी बाष्प सोडत असतो. शिवाय खिडकीतल्या कूलरच्या ताट्यांतून ठिबकणारे पाणी बाहेरच्या बाजूने खाली ओघळते. एका घरी मी खिडकीखाली लावलेले लाकडी कपाट पुढे ओढायला लावले, तेव्हा त्याची पाठ फुगून पापुद्रे सुटलेली होती, तळच्या कप्प्यातील साड्यांच्या घड्यांवर करडी बुरशी होती आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर त्याच उंचीवर, हिरव्या शेवाळाचा पट्टा होता. पाऊस लागताच कूलरमधील पाणी काढावे, टाकी पुसून कोरडी करावी (डेंग्यूच्या डासांसाठीही हे आवश्यकच आहे) आणि कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत.

ओल कुठून येते हे तिच्या जागेवरून बरेचसे कळते. छताच्या कोपऱ्यातली ओल गच्चीच्या कठड्याजवळचा वाटा (गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यावरचा सिमेंटचा गोलावा) फुटल्याने किंवा पावसाळी पाइपात पाला अडकल्याने येते. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर ती बारमाही दिसली तर नळजोड आणि फरशीचे सांधे तपासावेत. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच चढलेली ओल जोत्यातून येते. पश्चिम नागपुरातील काळ्या मातीवरच्या घरांत तर ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे पाडते. त्या तड्यांतून पुढच्या पावसाचे पाणी आत शिरते. तरीही शंका राहिली, तर ओल्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर घरातल्या हवेतले बाष्प तिथे थिजत आहे आणि अशा वेळी वॉटरप्रूफिंगवर केलेला खर्च वाया जातो.

बुरशी कोरडी खरवडू नये, कारण तिचे बीजाणू घरभर उडतात. पंखा बंद करून, खिडकी उघडून, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने ती पुसावी आणि जागा लगेच सुकवावी. डाग सुमारे १ चौरस मीटरहून मोठा असेल तर जाणकाराला बोलवावे. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. २०२१ मध्ये करोनानंतर अनेकांना झालेला म्युकरमायकोसिस (‘काळी बुरशी’ म्हणून ओळखला गेलेला आजार) आणि भिंतीवरचे काळे ठिपके एकच, असे समजून घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि ओलसर घर आणि दमा, खोकला व श्वसनाचे इतर त्रास यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच मांडला आहे, त्यामुळे लहान मुले आणि दमेकरी ज्या खोलीत झोपतात ती आधी कोरडी करावी.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून पुराचा विचारही करावा लागतो. अशा घरात आधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करावी, भिजलेल्या गाद्या सरळ टाकून द्याव्यात, आणि पाण्याच्या खुणेच्या वरपर्यंत ओल चढलेली असते हे ध्यानात घेऊनच गिलावा तपासावा.

सदनिकाधारकांसाठी आणखी एक गोष्ट. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून व सामाईक पाइपांतून होणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे. नव्या इमारतीत रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत कामातील दोष विकासकाने विनामूल्य दूर करायचे असतात. तक्रार लेखी द्यावी आणि तारखेसह छायाचित्रे जोडावीत.

गळतीच्या जागा आज ओल्या आहेत तोवर पेन्सिलने त्यांच्या कडा आखून ठेवाव्यात, ऑक्टोबरच्या उन्हात खिडक्या उघड्या टाकून भिंती सुकू द्याव्यात, दुरुस्ती हिवाळ्यात करावी आणि त्या भिंतींचा रंग पुढच्या उन्हाळ्यावर ढकलावा. महापालिकेला विनंती अशी की, पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींना नोटिसा देताना गच्ची, पाइप आणि ओल यांविषयीच्या साध्या सूचनाही प्रत्येक झोन कार्यालयातून मराठी व हिंदीत वाटाव्यात. आपल्या दैनिकाने त्या मे महिन्यातच प्रसिद्ध केल्या, तर लोकांच्या हाती दुरुस्तीसाठी निदान पंधरा-वीस कोरडे दिवस राहतील.

आपला,
एक स्थापत्य अभियंता,
त्रिमूर्तीनगर, नागपूर