दोर मनगटाला गुंडाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या घोडेस्वारी शिबिरावरचा लेख वाचला. लेख छान आहे, पण सोबतच्या छायाचित्रापाशी अडकलो. दहा-अकरा वर्षांची मुलगी घोड्याच्या तोंडापुढे उभी आहे, छान हसते आहे आणि मोरखीच्या (घोड्याच्या तोंडावर चढवायच्या साध्या पट्ट्याच्या) दोराचे दोन वेढे तिच्या मनगटाला आहेत. पडण्याच्या भीतीवर लेखात दोन परिच्छेद आहेत, या वेढ्यांबद्दल एक अक्षर नाही.

असा वेढा मीही एकदा दिला होता. घोडा शांत, ओळखीचा, वय झालेला. वाऱ्याने एक प्लास्टिकची पिशवी उडाली आणि त्याने एक झेप मागे घेतली. एकच. तोवर माझा अंगठा सांध्यातून निखळला होता. चारशे-पाचशे किलोच्या जनावराला ओढून थांबवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. त्यामुळे दोर सुटायची सोय आधीच हवी. उरलेल्या दोराच्या सैल घड्या घालायच्या आणि त्या मुठीत मधोमध धरायच्या. घोडा उधळलाच तर मूठ उघडली की काम झालं. बांधायचा झाला तरी एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारायची, आणि मोरखीच्या दोरानेच बांधायचा. लगामाने बांधलेला घोडा मागे ओढायला लागला की तोंडातल्या कडीने तोंड फाडून घेतो.

‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ असं आपल्याकडे म्हणतात. साहेबाचं माहीत नाही, पण घोड्याबाबत ते अर्धंच आहे. त्याचे डोळे बाजूंना असल्याने त्याला जवळपास चौफेर दिसतं. दिसत नाही ते थेट शेपटीमागचं आणि कपाळापुढचं, नाकाखालचं. म्हणजे ती मुलगी उभी होती, बरोबर तिथलं. हाक मारत खांद्याच्या बाजूने जावं आणि पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवावा. मागून जावंच लागलं तर एक तर पुठ्ठ्यावर (कमरेमागच्या भागावर) हात ठेवून अगदी अंगाला चिकटून जावं, म्हणजे लाथेला जोर घ्यायला जागा राहत नाही, नाही तर तीन-चार मीटर लांबून. लोक नेमके मधल्या अंतरावरून जातात, आणि दुगाणी बसते ती तिथेच. खूर साफ करताना मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसू नये. उठायला लागणारा एक सेकंद घोडा देत नाही.

मोकळा सोडतानाची गोष्ट तर शिकवतच नाहीत. कुंपणाच्या आत नेल्यावर घोड्याला वळवून त्याचं तोंड फाटकाकडे करावं, आपण फाटकापाशी उभं राहावं आणि मगच मोरखी काढावी. मोकळा झाल्याच्या आनंदात तो गिरकी घेऊन दुगाण्या झाडतो. त्यात राग नसतो, पण लाथ तेवढीच लागते.

स्वारीचं फार सांगत नाही, तुमच्या लेखात ते आलं आहे. फक्त तीन गोष्टी राहिल्या. काही घोडे तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना पोट फुगवून धरतात. चार पावलं चालवून तंग पुन्हा तपासला नाही तर रिकिबीत पाय टाकताच खोगीर फिरतं. दुसरं, पाय. खेळाच्या बुटाला टाच नसते, त्यामुळे पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकतं आणि पडलेला स्वार फरफटत जातो. छोट्या टाचेचे, गुळगुळीत तळव्याचे बूट हवेत.

तिसरं हेल्मेट. ‘आम्ही जुने, आम्हाला कशाला’ हे तबेल्यात रोज ऐकतो. २००८च्या ऑलिम्पिकमध्ये उतरलेली अमेरिकन स्वार कोर्टनी किंग-डाय २०१० मध्ये सराव करत असताना तिचा घोडा अडखळून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, ती जवळपास महिनाभर कोमात होती. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या कवायतीच्या स्पर्धेत, बडे स्वार उंच रेशमी टोपी घालून मिरवत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२१ पासून तिथेही हेल्मेट सक्तीचं केलं. अर्थात हेल्मेट मान वाचवत नाही. अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडले आणि त्यांची मान मोडली, तेव्हा त्यांनी ते घातलेलं होतं. म्हणून घालायचं नाही असं थोडंच आहे? सायकलचं किंवा मोटारसायकलचं मात्र चालवून घेऊ नका. आणि एकदा जोराचा मार बसला की ते वरून धडधाकट दिसलं तरी बदला. आतला फोम दबलेला असतो.

माझी विनंती शिबिरं घेणाऱ्यांना आहे. पहिले दोन दिवस मुलांना घोड्यावर बसवूच नका. खरारा करू द्या, दोर धरून चालवू द्या, घोड्याचे कान मागे पडले, म्हणजे तो चिडला, की दोन पावलं सरकायला शिकवा. पालक कुरकुरतील, फोटो मिळत नाही म्हणून. आणि त्या मुलीच्या घरचा पत्ता आपल्या वार्ताहराकडे असेल, तर तिला दोराच्या घडीचं तेवढं कळवा.

आपला,
घोड्यांत वावरणारा एक वाचक