पाळणाघरांचा विमा : सक्तीच्या आधी नोंदणीचा पाया घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाळणाघरात मूल जखमी झाल्याची बातमी आली की दोन मागण्या लगोलग पुढे येतात. परवाना सक्तीचा करा आणि विमा सक्तीचा करा. दोन्ही रास्तच आहेत, पण आधी काय आणि मागून काय, हे चुकले तर नुकसान मुलांचेच होईल. पाळणाघरांसाठी नोंदणीची स्वतंत्र वर्गवारी नसताना विम्याची सक्ती केली, तर दहा-बारा मुले सांभाळणाऱ्या घरगुती पाळणाघराला पॉलिसी मिळणे मुश्कील. मिळाली तरी दाव्याच्या वेळी ती टिकेलच याची खात्री नाही. या दुसऱ्या गोष्टीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

घरातून चालणाऱ्या पाळणाघरात ‘परवाना’ म्हणून दाखवला जाणारा कागद बहुतेकदा शॉप ॲक्टचा किंवा उद्यम नोंदणीचा असतो. शॉप ॲक्ट आहे तो आस्थापनेतल्या कामगारांसाठी. उद्यम प्रमाणपत्र उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम एवढेच सांगते. आत झोपलेल्या आठ महिन्यांच्या बाळाशी दोन्हींचा काही संबंध नाही. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याची जबाबदारी आली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. हीच तरतूद पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६७ मध्ये घेतली गेली. दरम्यान, २०१७ च्या दुरुस्तीपाठोपाठ, २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने अशा पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे काढली. एका पाळणाघरात ३० मुले, कामाच्या जागी नसेल तर ५०० मीटरच्या आत, अशा स्वरूपाची. पण हे सारे मालक-कर्मचारी नात्यातले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची खासगी प्ले स्कूलसाठीची तत्त्वे ३ ते ६ वयोगटापुरती आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ खालची नोंदणी निराधार, संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या संस्थांसाठी आहे. मूल सर्वांत नाजूक असते ते तीन वर्षांच्या आत, आणि नेमकी त्या वयाची मुले आपल्या घरी सांभाळणारी बाई यांपैकी कशातच बसत नाही.

विम्याची अडचण इथूनच सुरू होते. प्रस्ताव अर्जात ‘व्यवसायाचे स्वरूप’ असा रकाना असतो. पाळणाघर म्हणून दर काढायला विमा कंपनीकडे पुरेशी माहिती नसते, प्रस्ताव वरच्या कार्यालयात जातो, आठवडे जातात. मग घाईत त्या रकान्यात ‘शिकवणी वर्ग’ किंवा ‘कार्यालय’ असे लिहिले जाते. हप्ता कमी येतो, पॉलिसी हातात पडते, सगळे निश्चिंत होतात. पुढे दाराच्या बिजागरीकडच्या फटीत दोन वर्षांच्या मुलाचे बोट चेमटते, टाके पडतात, नखाची वाढ बिघडते आणि पालक नुकसानभरपाई मागतात. नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा त्याला पाळणे दिसतात, डायपर बदलायचे टेबल दिसते. चुकीची माहिती दिली म्हणून दावा फेटाळायला तेवढे पुरते. मुलांच्या संख्येचेही तसेच. अर्जात १२ लिहिलेली आणि हजेरीत १९ असली, की दावा तिथेच अडकतो.

नावांचा घोळही मोठा आहे. ‘पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट, १९९१’ हा कायदा भोपाळच्या दुर्घटनेनंतर धोकादायक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आला. त्याखालची पॉलिसी पाळणाघराच्या कामाची नाही. मागायची ती ‘पब्लिक लायबिलिटी, नॉन-इंडस्ट्रियल’ पॉलिसी, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेची कायदेशीर भरपाई देणारा दायित्व विमा. ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या नुकसानीची पॉलिसी आणि ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही धंद्याच्या मालमत्तेची. दोन्हींत मुलाला झालेल्या इजेची भरपाई नाही. मुलांचा अपघात विमा वेगळाच. त्यात कोणाची चूक हे न पाहता ठरलेली रक्कम मिळते, म्हणून छोट्या इजांसाठी तो उपयोगी. पण पालकांनी ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयात दावा लावला तर वकिलाचा खर्च आणि भरपाई अपघात विमा देत नाही. ते काम दायित्व विम्याचे. आणि जाणूनबुजून केलेली मारहाण दायित्व विम्यात बसत नाही. तिथे बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ लागते आणि मुलांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेच्या चालक-कर्मचाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो.

‘आमची जबाबदारी नाही’ अशा फॉर्मवर पालकांची सही घेऊन ठेवणे हा विम्याला पर्याय नाही. पालकाने सही केली म्हणून निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागण्याचा मुलाचा हक्क संपत नाही.

पॉलिसीतली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वाचली जाणारी ओळ म्हणजे ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’, ज्या तारखेपासूनचे अपघात पॉलिसीत धरले जातात ती तारीख. आपल्याकडच्या दायित्व पॉलिसी साधारणपणे ‘क्लेम्स मेड’ पद्धतीच्या असतात. म्हणजे अपघात त्या तारखेनंतर घडलेला हवा आणि दावाही पॉलिसी चालू असतानाच यायला हवा. आता मुदतीचा कायदा पाहा. लिमिटेशन ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ आणि ८ नुसार अज्ञान मुलाच्या दिवाणी दाव्याची मुदत ते सज्ञान होईपर्यंत धावत नाही, आणि त्यानंतर तीन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. दुसऱ्या वर्षी झालेल्या इजेचा दावा एकविसाव्या वर्षापर्यंत येऊ शकतो. मध्येच एका वर्षी नूतनीकरण राहिले, किंवा कंपनी बदलताना जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख पुढच्या पॉलिसीत उतरवून घेतली नाही, तर आधीच्या सगळ्या वर्षांचे संरक्षण गेले. हप्ते भरलेले असूनही गेले. पाळणाघर बंद करतानाही हाच प्रश्न येतो. दावा नोंदवायची वाढीव मुदत पॉलिसीत किती आहे, हे विचारल्याशिवाय शेवटची पॉलिसी संपू देऊ नये. आणि लहान इजा झाली तरी ‘पुढे दावा होऊ शकतो अशी घटना’ म्हणून त्याच वर्षी कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी.

मर्यादेचे आकडे दोन असतात, एका अपघातासाठी आणि पूर्ण वर्षासाठी. समजा १० लाख आणि २० लाख घेतले. वकिलाचा खर्च बहुधा याच रकमेतून जातो, वरून वेगळा मिळत नाही. दर दाव्यात पहिला ठरावीक भाग चालकाने सोसायचा असतो, तोही पाहून घ्यावा. मुलांना खाऊ दिला जात असेल तर अन्नातून होणाऱ्या बाधेचे, आणि ने-आण असेल तर तिचे कलम वेगळे जोडावे लागते. मूळ पॉलिसीत ते असेलच असे नाही.

अपघात घडल्यावर पहिल्या तासात जे होते त्यावर बरेच ठरते. पाळणाघर चालवणारी बाई आणि आई यांचे नाते रोजचे, विश्वासाचे. ‘माझीच चूक झाली, सगळा खर्च मी देते’ हे शब्द आपसूक तोंडून निघतात. पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल केली तर दावा नाकारता येईल, अशी अट पॉलिसीत असते. म्हणून मुलाला दवाखान्यात न्यावे, पालकांना लगेच फोन करावा, काय घडले ते खरेखरे सांगावे, काही लपवू नये. फक्त पैशांचा शब्द कंपनीशी बोलल्यावर द्यावा. घटना वहीत त्याच दिवशी लिहावे : वेळ, जागा, खोलीत किती मुले आणि कोण मोठे माणूस होते, कोणता प्रथमोपचार केला, पालकांना किती वाजता फोन लागला. मागाहून आठवून लिहिलेली वही उलटतपासणीत टिकत नाही.

पाळणाघराची सोय करणे बंधनकारक असलेल्या आस्थापनांनी जवळच्या पाळणाघराशी करार करून आपली कायदेशीर जबाबदारी भागवण्याचा मार्ग चांगला आहे. मात्र या करारांत एक कलम हमखास असते : काहीही झाले तरी आस्थापनेची सर्व नुकसानी पाळणाघर भरून देईल. कायद्याने जी जबाबदारी आली नसती, ती करारात सही करून अंगावर घेतली, तर दायित्व पॉलिसी ती सहसा उचलत नाही. पंधरा मुलांच्या पाळणाघराने असे कलम तसेच मान्य करू नये. आस्थापनेचे नाव पॉलिसीत जोडून द्यावे आणि त्यामुळे वाढणारा हप्ता आस्थापनेने भरावा, अशी मागणी करावी. ती वाजवी आहे.

आता परवडण्याचा प्रश्न. छोट्या पाळणाघराला हप्ता जड जातो याचे कारण मुलांचा धोका अफाट आहे असे नाही. तपासणी, कागदपत्रे, किमान हप्ता हा खर्च १० मुलांना आणि १०० मुलांना जवळपास सारखाच पडतो, आणि दाव्यांची नोंद नसल्याने कंपनी सावधगिरीचा दर लावते. वर १८ टक्के जीएसटी. जीएसटी नोंदणीच नसलेल्या छोट्या चालकाला त्याची वजावटही मिळत नाही. याला उपाय सामूहिक पॉलिसीचा. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाने नोंदणी झालेल्या पाळणाघरांची यादी ठेवावी, त्या यादीवर एकच मास्टर पॉलिसी निघावी, हप्ता उलाढालीवर न ठरवता मंजूर मुलांच्या संख्येवर ठरवावा. मात्र वार्षिक मर्यादा प्रत्येक पाळणाघराला स्वतंत्र हवी, नाहीतर एकाच्या मोठ्या दाव्यात बाकीच्यांचे संरक्षण संपेल.

नोंदणीची तपासणी आणि विम्याचा अर्ज यांचे प्रश्न एकच ठेवले तर निम्मे काम तिथेच होईल. मजला कोणता, बाहेर पडायचे दुसरे दार आहे का, बिजागरीच्या फटींना पट्ट्या आहेत का, बादल्या रिकाम्या करून पालथ्या ठेवतात का, बाळांना पाठीवर झोपवतात का, पालकांच्या लेखी सूचनेशिवाय औषध देतात का, मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे याची सही केलेली यादी आहे का. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारहाण झाली, त्या घटनेनंतर चर्चा बरीचशी सीसीटीव्हीभोवतीच फिरली. कॅमेरा हवाच, पण घडून गेलेले तो दाखवतो. बिजागरीची पट्टी बोट वाचवते.

आणि सामूहिक पॉलिसी उभी राहीपर्यंत काय? अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्यात घरगुती पाळणाघरांसाठी एक व्यवहार्य तरतूद आहे. एका घटनेला किमान १ लाख डॉलर आणि वर्षाला ३ लाख डॉलरचा दायित्व विमा घ्या, किंवा ३ लाख डॉलरचा बाँड (हमी) द्या, नाहीतर ‘या पाळणाघराचा विमा नाही हे आम्हाला सांगितले आहे’ अशी प्रत्येक पालकाची सही घेऊन ठेवा. या सहीने चालकाची जबाबदारी संपत नाही. पालकाला मात्र आपण काय निवडतो आहोत हे कळते आणि छोटे पाळणाघर एका फटक्यात बेकायदा ठरत नाही. राज्य सरकारने पहिल्या टप्प्यात तीन वर्षांखालील मुलांच्या घरगुती पाळणाघरांसाठी विनाशुल्क नोंदणी आणि विमा आहे की नाही हे लेखी सांगण्याची सक्ती करावी. सामूहिक पॉलिसी प्रत्यक्ष उपलब्ध झाल्यावर नूतनीकरणाच्या वेळी विमा बंधनकारक करावा आणि त्यासाठी आधी एक वर्षाची सूचना द्यावी. दावा नाकारला गेल्यास एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीधारकांना विमा लोकपालाकडे विनाखर्च दाद मागता येते. ही माहिती नोंदणीच्या प्रमाणपत्रावरच छापावी.

आपले,
पाळणाघरांच्या नोंदणी व विम्याचे काम पाहणारे काही वाचक